हमिंगबर्डचे फोटो : फीडरवर की फुलावर?

प्रश्न : कोस्टा रिकाला जाणार आहे. साखरपाण्याच्या फीडरपाशी चार-पाच फ्लॅश लावून हमिंगबर्डचे पंख स्थिर टिपता येतात म्हणे. हाच मार्ग धरावा का?

उत्तर : पंख हवेत थिजवायचे एवढाच हेतू असेल, तर हो. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि पिसन् पीस सुटं दिसतं. पण हा पक्षी तसा का घडला, हे त्या फोटोत उरत नाही. सिकलबिल या हमिंगबर्डची कोयत्यासारखी वळलेली चोच हेलिकोनियाच्या वाकड्या फुलात घुसते तेव्हाच तिचा अर्थ लागतो. शिवाय तो बहुधा पायांनी फुलोरा धरून बसतो, म्हणजे तिथे पंख थिजवण्याचा प्रश्नच नाही! कंठाची झळाळीही रंगद्रव्याची नसून पिसांतल्या सूक्ष्म थरांची असते; प्रकाशाचा कोन बदलला की ती विझते, पेटते. चहूबाजूंच्या फ्लॅशमध्ये हा खेळ हरवतो.

फुलापाशी ताटकळणं बेभरवशाचं, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सिकलबिल ज्यात मोडतो त्या हर्मिट गटातले हमिंगबर्ड विखुरलेल्या फुलांवर ठरावीक फेरी घालतात, त्यामुळे एकदा येऊन गेलेला पक्षी पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. ताज्या फुलांचा हेलिकोनिया हेरा, सकाळी लवकर पोहोचा, शटर १/२००० च्या आसपास ठेवा. पंखांची कडा थोडी पुसट आली तर येऊ द्या. कपाळावरचे परागकण मात्र नेमके फोकसमध्ये हवेत.