घरट्याचा पत्ता

सांगली

चि. मुक्ता हिस,


ताईचा फोन आला होता. तू रोज सकाळी म्हातोबाच्या टेकडीवर जातेस याचा तिला आनंद आहे. पण वर पोचल्या पोचल्या फोटो टाकतेस, आणि त्यावर ठिकाण, वेळ सगळं असतं, याची तिला धास्ती. "तूच सांग तिला, बंद कर म्हणावं ते फोटोबिटो," असा मला हुकूम झालाय. मी तसं सांगणार नाही. मिळवत्या भाचीला मोबाइल बंद करायला सांगणाऱ्या मामाचं पुढचं कोण ऐकतं?

आधी त्या पक्ष्याचं बोलू. तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमधला टुक् टुक् करणारा तांबट आहे. चिमणीहून जरा मोठा, अंगानं हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपनं तुला नाव सांगितलं आणि तू तिथंच थांबलीस. आता अ‍ॅप खिशात टाक. आवाज एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून आल्यासारखा का वाटतो, ते बघ. तो ओरडताना मान फिरवत असतो. चोच मिटलेलीच असते, गळ्यापाशी तेवढं फुगतं. पुस्तकात हे दिलेलं आहेच, पण स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की दिवसभर ऑफिसात उगीचच बरं वाटतं. वड, उंबर, पिंपळ फळांवर आले की तिथं उभी राहा. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक दिसलं, तर ते बहुधा त्याचंच घर. म्हणून सोसायट्या 'वाळलेली फांदी, तोडून टाका' म्हणतात तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

मागे तू विचारलं होतंस, सर्टिफिकेट मिळेल असं काहीतरी शिकायला सुचवा. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात. पैसे पडतात ते परीक्षेला बसायचं असेल तर. नोकरीत उपयोग होणार असेल तर जरूर बस. पण एखादा विषय असा ठेव की ज्याची परीक्षाच नाही. मारुती चितमपल्ली वन खात्यात नोकरी करत होते. पक्ष्यांची नावं, सवयी त्यांनी रानातल्या माणसांकडून, आदिवासींकडून, पारध्यांकडून गोळा केल्या, जुने ग्रंथ वाचता यावेत म्हणून संस्कृतही शिकले. त्यांचा 'पक्षिकोश' त्या कष्टांतून आला. तू कोश करावास असं मी म्हणत नाही. एक शंभर पानी वही कर. पक्षी, झाड, वेळ, काय करत होता, एवढं लिही. चित्र वाईट आलं तरी काढ. पंखावर पट्टा होता की नाही, हे काढताना कळतं. अडलं तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यात बघ. ती वही मलाही दाखवायची नाही.

आता ताईच्या काळजीकडे येतो. पक्षिनिरीक्षणात मुरलेल्या माणसांचा एक दंडक आहे: घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही, घरट्याचे फोटो मिरवायचे नाहीत. घुबडाची ढोलीसुद्धा नाही. जगभरच्या पक्ष्यांच्या नोंदी होतात त्या ई-बर्डवरही काही जातींचं नेमकं ठिकाण मुद्दाम झाकलेलं असतं. नोंद सगळ्यांसाठी, पत्ता नाही. तू स्वतःला हाच नियम लाव. फोटो टाक, पण घरी येऊन, आंघोळ-नाश्ता उरकून टाक. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद कर. त्या पक्ष्यांच्या अ‍ॅपला माइक लागतो हे खरं, पण 'वापरताना फक्त' एवढीच परवानगी दे. आणि टॉर्चच्या अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट मागितले तर ते काढूनच टाक. त्या यादीत आजीचा नंबर आहे, माझा आहे. आम्हाला न विचारता तू आम्हालाही देऊन टाकतेस, हे लक्षात घे.

मी बँकेत जन्मभर लोकांचे कागद पाहिले, म्हणून या बाबतीत जरा किरकिरा आहे. नवीन फ्लॅटच्या भाडेकराराला एजंटनं आधारची झेरॉक्स मागितली ना? आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घे. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिही: 'फक्त भाडेकरारासाठी', खाली तारीख आणि सही, अक्षरांवरून जाईल अशी. एजंट वैतागेल. वैतागू दे.

दुकानातही तेच. बिल करताना नंबर विचारतात आणि मागची रांग बघून आपण सांगून मोकळे होतो. 2023 च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना बजावलंय की नंबरासाठी अडवू नका. तरी विचारतातच. 'नंबर नाही देणार' हे हसून म्हणता येतं, भांडावं लागत नाही. तुला हे म्हाताऱ्याचं खूळ वाटेल, तर एक सांगतो. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी 2012 मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा ते 86 वर्षांचे होते. त्याच प्रकरणात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. नातवंडांच्या वयाच्या पोरांसाठी त्या गृहस्थांनी एवढा खटाटोप केला, आणि आपण कुर्ता घेताना नंबर देऊन टाकतो!

ताईला मी कळवतो की मुक्ता फोटो उशिरा टाकणार आहे. तिला तेवढं पुरेल. नाही पुरलं तर परत मलाच फोन येईल, ते मी बघतो.

दुर्बीण घ्यायची म्हणत होतीस. 8×42 घे. जास्त शक्तीची घेतलीस तर हात हलला की चित्रही हलतं, आणि तांबट काही तुझ्यासाठी थांबत नाही. स्वतः दुकानात जाऊन, डोळ्याला लावून बघून घे. तिथंही नंबर मागतील. वॉरंटीच्या कार्डावर तो लागतो, तिथं लिही. ऑफर कळवायला मागितला तर नको म्हण.

तुझा,
मामा