काटकोन त्रिकोणाची अज्ञात बाजू

भूमितीतील कर्णाचा वर्ग पुष्कळांस परका वाटतो. वस्तुतः हा विषय आपल्या घरचाच आहे. वेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायन शुल्बसूत्रात असे सांगितले आहे, की आयताच्या कर्णावरील चौरसाचे क्षेत्र त्याच्या दोन बाजूंवरील चौरसांच्या क्षेत्रांच्या बेरजेइतके असते. शाळेत यासच पायथागोरसचा सिद्धांत म्हणतात.

काटकोनासमोरील बाजू ती कर्ण. तिहींत तीच सर्वांत मोठी. उरलेल्या दोहोंस भास्कराचार्य भुज व कोटी म्हणतात. गणितास बसताना प्रथम एवढेच विचारावे, की अज्ञात बाजू कर्ण आहे काय?

कर्ण अज्ञात असेल, तर वर्गांची बेरीज करावी. मंडपाचा खांब ८ हात उंच असून खुंटी त्याच्या बुंध्यापासून ६ हातांवर आहे. ६४ व ३६ मिळून १००. त्याचे वर्गमूळ १०. म्हणून ताणाचा दोर १० हात, गाठींसाठी लागेल तो निराळा.

कर्ण ज्ञात असेल, तर वजाबाकी करावी. १३ हातांची शिडी भिंतीपासून ५ हातांवर टेकली आहे. १६९ मधून २५ वजा जाता १४४. म्हणजे शिडी १२ हात उंचीवर पोहोचते. शाळेत असताना प्रस्तुत लेखकाने येथे बेरीजच केली होती, आणि उत्तर जवळजवळ १४ हात आले. तेरा हातांची शिडी चौदा हात कशी चढेल? उत्तर डोळ्यांपुढे आणले असते, तर चूक तेथेच कळली असती.

‘लीलावती’ (शके १०७२) मधील वेळूचा प्रश्न याहून गोड आहे. ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला व शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? येथे कर्ण व कोटी दोन्ही अज्ञात, परंतु त्यांची बेरीज ३२ आहे. दोहोंच्या वर्गांतील अंतर म्हणजे भुजाचा वर्ग, २५६. हेच अंतर त्यांच्या बेरजेच्या व वजाबाकीच्या गुणाकाराइतके असते. म्हणून २५६ ला ३२ ने भागता वजाबाकी ८ येते. बेरीज ३२, वजाबाकी ८. तेव्हा कर्ण २० व कोटी १२. वेळू १२ हातांवर मोडला.

आता मुलांसह एक उदाहरण सोडवावे. दीपमाळेच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत ताणलेला दोर २५ हात असून त्याचे टोक पायथ्याच्या मध्यापासून ७ हातांवर आहे. उंची २४ हात आली, तर पाठ साधला असे समजावे.