वाटूरहून पैठणला निघालास तर

बाळा, दसरा झाला, रानातली धांदल जरा ओसरली, आणि तुम्ही दोघं जालना, अंबड, पाचोड करत पैठणच्या विणकरांकडे जाताय म्हणे. फार बरं वाटलं. माझ्या हातून झालेल्या चुका तुझ्या हातून होऊ नयेत, म्हणून हे लिहून देते. गाडीत सूनबाईला वाचायला सांग, तुझं लक्ष रस्त्यावर राहू दे.

१. डांबरावर सोयाबीन वाळत घातलेलं दिसलं की गाडी हळू कर, त्यावर चाक घालू नकोस — ते कुणाचं तरी चार महिन्यांचं पीक आहे, आणि दाण्यांवरून चाक घसरतंही.

२. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला असेल तर साईडपट्टीच्या खाली उतरू नकोस — काळी माती वरून सुकलेली दिसते, आत लोणी असते. अंबडच्या पुढे मोसंबी घ्यायला म्हणून मी गाडी खाली उतरवली, आणि सगळी दुपार ट्रॅक्टरची वाट पाहण्यात गेली. काळी माती पिकाला आई, चाकाला सासू.

३. जालन्यात बाजार समितीतला रेशीम कोषांचा बाजार बघून पुढे जा, २०१८ पासून भरतो तो; आदल्या दिवशी चौकशी तेवढी कर. एक कोष मागून घे आणि कानाशी हलव, आतला किडा टकटक वाजतो — हे एकदा ऐकलंस की मागावरच्या धाग्याला हात लावताना आपोआप जपशील. पैठणीचं रेशीम बरंचसं बेंगळुरूकडून येतं, पण तुती आता आपल्या शिवारातही आहे.

४. पैठणला आधी शासनाचं पैठणी केंद्र बघ, विणकरांची घरं नंतर — ताणा काय, बाणा काय हे तिथंच विचारून झालं की घरातल्या विणकराचा हात तुझ्यासाठी थांबत नाही.

५. फार सकाळी कुणाच्या दारात उभा राहू नकोस — पाणी, चूल, पोरांची शाळा उरकल्यावर घरातला माग लागतो.

६. मागावर बसलेल्या बाईला लगेच प्रश्न विचारू नकोस, उंबऱ्याशी थांब. पदरावर मोर चालू असेल तर बघ: एकेका रंगाची वेगळी छोटी तिल्ली, मोराची मान संपते तिथं निळा धागा शेजारच्या जरीत अडकवायचा, मागं फिरवायचा, की पुन्हा मोजणी. मी मध्येच विचारलं, “किती दिवस लागतात हो?” ती हसून बोलली, आणि मग खाली मान घालून तेवढा भाग तिनं उसवला. तिचा अर्धा तास माझ्यामुळं गेला, आजही आठवलं की वाईट वाटतं — पाहुण्याचं तोंड उघडलं की विणकराची मोजणी चुकते.

७. भजी खाऊन आलेले हात आधी धू — रेशमावरचा तेलाचा डाग जात नाही, आणि पुढं गिऱ्हाईक त्याचे पैसे कापतं.

८. घ्यायचं नसेल तर आल्या आल्या सांग, मग खुशाल बस — आशा लावून चहा पिऊ नये.

९. घ्यायची असेल तर पदर उलटा करून बघ. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मागं धागे लोंबत किंवा कापलेले दिसले तर ती बहुधा यंत्रावरची — उलटी बाजू खोटं बोलत नाही. जर कसली आहे तेही विचार, किंमत त्यावरही ठरते. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात ‘पैठणी’ म्हणून काहीही विकतात, तेव्हा आपणच डोळे उघडे ठेवायचे.

१०. भावाची घासाघीस करू नकोस — भरजरी पदराला महिने लागतात, आणि ते महिने घरही त्याच हातांवर चालतं. परवडत नसेल तर साधा काठ घे, लहान पदर घे, पण पाडून मागू नकोस.

११. घरी आणलीस की मलमलीत गुंडाळून ठेव, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदल — एकाच घडीवर राहिलं तर रेशीम तिथंच चिरतं. अत्तर जरीवर मारू नकोस, काळी पडते.

१२. दिवस मावळायच्या आत परत फीर — दिवाळी जवळ आली की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर येतात, कितीतरींना मागं दिवा नसतो.

१३. निघताना विणणाऱ्याचं नाव वहीत लिहून घे, विचारूनच. कुणी सूनबाईला विचारलं, पैठणी कुठली, तर नुसतं पैठणची म्हणू नका, ते नाव सांगा.