आसनस्थ देवमूर्तीचे वाचन

संतसाहित्याच्या अभ्यासामुळे विटेवर उभा असलेला विठ्ठल आपल्या मनात ठसलेला असतो. उभा देव भक्ताची वाट पाहतो. बसलेल्या देवाचा अर्थ निराळा. तो त्याच्या बैठकीतूनच वाचावा लागतो.

प्राचीन रोममधील संगमरवरी ज्युपिटर पाहा. ग्रीक शिल्पकार फिडियस याने इ. स. पू. पाचव्या शतकात ऑलिम्पिया येथे घडविलेली सोने व हस्तिदंताची झ्यूसमूर्ती नष्ट झाली. परंतु तिचा आदर्श रोमन शिल्पकारांनी पुढे चालविला. उंच सिंहासन, हाती राजदंड व वज्र, उघडी छाती आणि मांड्यांवर वस्त्राच्या चुण्या. येथे कारागिरीची सोयही आहे. उभ्या संगमरवरी पुतळ्याचा भार घोट्यांवर येतो, म्हणून पायाशी झाडाचे खोड कोरून आधार द्यावा लागे. बसलेल्या मूर्तीचा भार आसनच पेलते.

आता विदर्भातील रामटेकच्या टेकडीवरील केवल नरसिंह पाहू. या दोन परंपरांचा परस्परसंबंध येथे सुचवायचा नाही. तुलनेने नजर तयार होते, इतकेच. ही तांबड्या वालुकाश्मातील मूर्ती वाकाटककालीन, पाचव्या शतकातील आहे. मंदिरातील शिलालेखाचा संबंध प्रभावतीगुप्तेशी आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या वाकाटकांची राणी. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने तिने राज्य चालविले.

नरसिंह म्हटले की हिरण्यकशिपूचे विदारण आठवते. येथे हिरण्यकशिपूच नाही. सिंहमुखी देव एक गुडघा उंचावून, हाती चक्र घेऊन सैल बसला आहे. या बैठकीला महाराजलीलासन म्हणतात. ज्युपिटरला अधिकार दाखविण्यास सिंहासन लागते; रामटेकचा देव नुसत्या बसण्याने तो दाखवितो. सत्ता हाती असलेल्या घराण्याला पराक्रमाच्या क्षणापेक्षा त्यानंतरची स्वस्थता अधिक मोलाची वाटली असावी, असे या मूर्तीकडे पाहून वाटते.

स्वयंअध्ययन : मूर्तिजापूर परिसरातील विद्यार्थ्यांना कारंजा जवळ आहे. (गावाच्या नावातील ‘मूर्ति’ हा शब्द ‘मुर्तजा’ या नावावरून आला आहे, हे भाषेच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.) तेथील जैन मंदिरात पद्मासनस्थ तीर्थंकरमूर्ती पाहा. पाय, हात, पाठ व नजर यांचे वर्णन दहा ओळींत लिहा. ‘सुंदर’ आणि ‘भव्य’ हे शब्द टाळा.