दाखला, खेळ आणि मागे राहिलेला मुलगा

शास्त्रपाठ: लूक 10:25-37



डहाणू तालुक्यातील आमच्या वसतिगृहासाठी सर्पदंशावर टॅबलेटवरचा पाठ तयार करायचा होता. पहिल्या वेळी मी नुसती माहिती लिहिली. मुलांनी ‘पुढे, पुढे’ दाबत पाच मिनिटांत ती संपवली. लक्षात काहीच राहिले नाही.

तेव्हा चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवला. शास्त्र्याने शेजारी कोण असे विचारले, तेव्हा प्रभूने व्याख्या दिली नाही. गोष्ट सांगितली, शेवटी प्रश्न केला, उत्तर त्याच्याच तोंडून काढले आणि तसे करायला पाठवले. गोष्ट, निवड, कृती हाच क्रम आम्ही घेतला.

नव्या पाठात आवाज वारली बोलीतला आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावते. तिच्या दंशाने फारसे दुखत नाही, म्हणून घरचे सकाळपर्यंत थांबू म्हणतात. आता काय करायचे? दोरी घट्ट आवळायची, भगताकडे न्यायचे, की हालचाल करू न देता लगेच सर्पविषावरचे इंजेक्शन मिळते त्या दवाखान्यात न्यायचे? उत्तर चुकले तर लाल फुली येत नाही. गोष्टच पुढे सरकते आणि मुलाच्या पापण्या जड होऊ लागतात. मागे येऊन पुन्हा निवडता येते.

खेळाच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण ठेवले आणि नावांची क्रमवारी भिंतीवर लावली. शेवटच्या क्रमांकाच्या मुलाने टॅबलेट परत दिला व तो ओट्यावर जाऊन बसला. मागच्या पावसाळ्यात त्याचा धाकटा भाऊ मण्यार चावूनच गेला होता. बाकीचे अंदाजाने बोट दाबत होते. तो प्रत्येक चित्रापाशी थांबत होता. सर्वांत जास्त विचार करणाऱ्यालाच माझ्या खेळाने शेवटी बसवले.

क्रमवारी काढली, घड्याळही काढले. आता गटातील प्रत्येकाचा पाठ पुरा झाला, तरच गटाचा कंदील पेटतो. पुढे गेलेली मुले आपणहून मागच्याजवळ येऊन बसतात.

आठ दिवसांनी तो मुलगा परत आला. पाठ पुरा करून म्हणाला, “ताई, हे आमच्या पाड्यावर दाखवा ना.” आम्ही गेलो. दाखवले मात्र त्यानेच.

चिंतनासाठी: आपल्या रविवारच्या शाळेतील बक्षिसांमुळे कोणते मूल ओट्यावर जाऊन बसले आहे? त्याला आत आणण्यासाठी या आठवड्यात आपण काय बदलू?