चाक, चरखा आणि सायकल

शाळेच्या फाटकाशीं उभ्या असलेल्या सायकलीचें चाक तुम्ही रोज पाहतां. ‘चाक’ हा शब्द आपला आणि ‘सायकल’ हा परका, असें आपण सहज म्हणतों. परंतु भाषाशास्त्र सांगतें कीं, हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत.

‘चाक’ हें संस्कृत ‘चक्र’ या शब्दाचें प्राकृत ‘चक्क’ या वाटेनें आलेलें रूप होय. ‘सायकल’ हा शब्द ग्रीक ‘क्युक्लॉस्’ यापासून निघाला. त्याचाही अर्थ वर्तुळ किंवा चाक. फारसी ‘चर्ख’ म्हणजे चाकच. आपला ‘चरखा’ तेथूनच आला. इंग्रजी ‘व्हील’ मात्र अगदींच निराळा वाटतो. परंतु त्याचें जुनें रूप ‘ह्वेओल’ असें होतें. आणि मूळच्या ‘क’चा जर्मानिक भाषांत ‘ह’ होतो, हा नियम याकोब ग्रिम यानें १८२२ सालीं मांडला.

या सर्व भाषांची जननी जी आद्य इंडो-युरोपीय भाषा, तिच्यांत हा शब्द ‘क्वेक्वलोस्’ असा असावा, असें पंडितांनीं अनुमान केलें आहे. तो कोठेंही लिहिलेला सांपडत नाहीं. म्हणून त्यामागें तारकेची खूण करितात. ‘क्वेल्’ म्हणजे फिरणें. त्याच्या द्वित्वानें ‘पुनःपुन्हां फिरणारें’ असा अर्थ झाला.

आतां कोणी विचारील, मुळांत दोन ‘क’ असतां ‘चक्र’ शब्दांत एक ‘च’ व एक ‘क’ कां? पहिल्या ‘क’पुढें ‘ए’ स्वर होता, म्हणून त्याचा ‘च’ झाला. दुसऱ्यापुढें तो नव्हता, म्हणून ‘क’ तसाच राहिला. पुढें त्या ‘ए’चा ‘अ’ झाला. स्वर गेला, परंतु त्याचें पाऊल उमटून राहिलें.

उलट, ग्रीक ‘थेऑस्’ व संस्कृत ‘देव’ हे अर्थानें सारखे व उच्चारानें जवळचे. तरी त्यांचें नातें नाहीं, कारण ध्वनींचे नियम तेथें जुळत नाहींत. ‘देवा’चा खरा ग्रीक आप्त ‘झ्यूस्’ होय.

तेव्हां शब्दाचें गोत्र केवळ कानानें ठरवूं नये, नियमानें ठरवावें. आणि एखाद्या शब्दास परका म्हणण्यापूर्वीं त्याची वंशावळ अवश्य पाहावी.