माहितीपत्रकावरून ट्रान्झिस्टरचे वक्र : एक स्वाध्याय

इतिहासाच्या अभ्यासकाला संपूर्ण भूतकाळ कधीच हाती लागत नाही. काही शिलालेख, काही नाणी, काही दप्तरे एवढेच मिळते. मधल्या रिकाम्या जागा कार्यकारणभावाच्या आधारे भराव्या लागतात. ट्रान्झिस्टरचे माहितीपत्रक, म्हणजेच डेटाशीट, हाही असाच एक दस्तऐवज आहे. तो कसा वाचावा, हे आम्ही या पाठात मांडत आहोत.

बायपोलर ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर व कलेक्टर अशी तीन टोके असतात. बेसचा प्रवाह स्थिर ठेवून कलेक्टर-एमिटर व्होल्टेज वाढवत नेले, तर कलेक्टर प्रवाह कसा बदलतो, हे निर्गत वक्र दाखवितो. क्ष-अक्षावर व्होल्टेज, य-अक्षावर कलेक्टर प्रवाह आणि प्रत्येक बेस प्रवाहासाठी एक वक्र, अशी ही आकृती असते. ती आपोआप काढणारे उपकरण महाग असते व शालेय प्रयोगशाळेत सहसा नसते. तथापि तक्त्यातील मोजक्या नोंदींवरून तिचा अदमास बांधता येतो.

उदाहरण म्हणून बाजारात सहज मिळणारा बीसी ५४७, गट ‘बी’ घेऊ. त्याच्या माहितीपत्रकात सामान्यतः पुढील नोंदी आढळतात. ५ व्होल्ट व २ मिलिअँपिअर असताना प्रवाहगुणक किमान २००, प्रातिनिधिक २९०, कमाल ४५०. त्याच स्थितीत निर्गत वाहकता प्रातिनिधिक ३० मायक्रोसीमेन्स. कलेक्टर प्रवाह १० व बेस प्रवाह ०.५ मिलिअँपिअर असताना संपृक्त व्होल्टेज प्रातिनिधिक ०.०९, कमाल ०.२५ व्होल्ट. मर्यादा : ४५ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर, ५०० मिलिवॅट.

पहिली पायरी उंचीची. बेस प्रवाह ७ मायक्रोअँपिअर मानला, तर २९० ने गुणून ५ व्होल्टला कलेक्टर प्रवाह सुमारे २ मिलिअँपिअर येतो. आलेखावर हा बिंदू मांडावा. १४ मायक्रोअँपिअरसाठी तो सुमारे ४ मिलिअँपिअरवर येईल.

दुसरी पायरी चढाची. वक्राचा सपाट वाटणारा भाग प्रत्यक्षात किंचित चढता असतो. कलेक्टरचे व्होल्टेज वाढले की कलेक्टरलगतचा वाहकरहित पट्टा रुंदावतो, बेसची परिणामी जाडी घटते आणि प्रवाह थोडा वाढतो. जेम्स अर्ली यांनी १९५२ मध्ये याचे विवेचन केले, म्हणून यास अर्ली परिणाम म्हणतात. ३० मायक्रोसीमेन्स म्हणजे दर व्होल्टमागे ३० मायक्रोअँपिअर वाढ. म्हणून १५ व्होल्टला २ चे २.३ मिलिअँपिअर होतात. हीच रेषा मागे डावीकडे वाढविली, तर ती क्ष-अक्षाला उणे ६२ व्होल्टच्या आसपास छेदते, कारण २ मिलिअँपिअर भागिले ३० मायक्रोसीमेन्स म्हणजे सुमारे ६७ व्होल्ट आणि त्यातून ५ वजा. इतर बेस प्रवाहांच्या रेषाही याच बिंदूतून निघतात असे मानावे. त्यामुळे ४ मिलिअँपिअरच्या वक्राचा चढ आपोआप दुप्पट होतो.

तिसरी पायरी आरंभाची. प्रत्येक वक्र शून्याजवळून झपाट्याने वर चढतो आणि साधारण ०.२ ते ०.३ व्होल्टच्या दरम्यान वळून चढत्या रेषेला मिळतो. शेवटी मर्यादा आखाव्यात : उजवीकडे ४५ व्होल्टची उभी रेषा, वर १०० मिलिअँपिअरची आडवी रेषा आणि ५०० मिलिवॅटचा वक्र, म्हणजे १० व्होल्टला ५०, तर २० व्होल्टला २५ मिलिअँपिअर. ही शक्तिमर्यादा भोवतालचे तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाची आहे. उष्णता वाढली की ती घटते.

आता दस्तऐवजाची चिकित्सा. ‘प्रातिनिधिक’ हा आकडा उत्पादकाचे आश्वासन नव्हे. आश्वासन असते ते किमान व कमाल यांचे. त्याच ७ मायक्रोअँपिअरला एखादा ‘बी’ गटाचा ट्रान्झिस्टर १.४, तर दुसरा ३.१५ मिलिअँपिअर देईल आणि दोन्ही निर्दोषच असतील. केवळ २९० वर विसंबून केलेला प्रकल्प टेबलावर चालतो आणि प्रदर्शनाच्या दिवशी ट्रान्झिस्टर बदलताच बिघडतो, तो यामुळेच. म्हणून जाणकार रचनाकार एमिटरला रोध जोडून व बेसला दोन रोधांच्या विभाजकातून व्होल्टेज देऊन परिपथ गुणकावर फारसा अवलंबून राहू देत नाहीत.

हा अदमास पडताळणेही सोपे आहे. ९ व्होल्टची बॅटरी घ्यावी, तिच्या धन टोकापासून बेसला १.२ मेगओहमचा व कलेक्टरला १ किलोओहमचा रोध जोडावा आणि एमिटर ऋण टोकाला जोडावा. बेस प्रवाह सुमारे ७ मायक्रोअँपिअर होतो. १ किलोओहमवर मल्टिमीटरने जितके व्होल्ट दिसतील, तितके मिलिअँपिअर, अपेक्षा २.१ ची, पण १.४ ते ३.३ पर्यंत काहीही दिसले तरी ते पत्रकाशी सुसंगतच. मग कलेक्टरला ३.३ किलोओहमचा रोध लावून पुन्हा मोजावे व व्होल्टला ३.३ ने भागावे. प्रवाह किंचितच घटलेला दिसतो. गुणक कमाल मर्यादेजवळचा असल्यास मात्र येथेच संपृक्त अवस्था येऊ शकते. १० किलोओहमला ती येतेच आणि कलेक्टर-एमिटर व्होल्टेज ०.१ च्या आसपास उतरते.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : आकडा वाचाल तेव्हा तो कोणत्या स्थितीत मोजला हे आधी वाचा, तो प्रातिनिधिक की हमीचा हे पाहा आणि जमेल तेथे स्वतः मोजून खात्री करा. महागडे उपकरण नसल्याने अभ्यास अडत नाही. पुरावा तपासण्याची सवय नसल्याने मात्र तो निश्चित अडतो.